‘मॅक्सिमम ड्रॉडाउन १८ टक्के’ म्हणजे नेमकं काय?

ट्रेंड-फॉलोइंगवर संशोधन करू इच्छिणाऱ्यांची प्रपोजल्स अधूनमधून माझ्याकडे वाचायला येतात. त्यात शेवटी एक तक्ता असतोच. वार्षिक परतावा इतका, शार्प रेशो इतका, मॅक्सिमम ड्रॉडाउन १८ टक्के. आणि तक्त्याखाली एक वाक्य: ‘म्हणजे या पद्धतीत जास्तीत जास्त १८ टक्के भांडवल जाऊ शकतं.’ तुमच्या प्रपोजलमध्ये हे वाक्य असेल तर मुलाखतीच्या आधी काढून टाका. तक्ता बरोबर असू शकतो, वाक्य चूकच आहे. पॅनेलवर कुणी संख्याशास्त्राचं माणूस असेल तर पहिला प्रश्न त्यावरच येईल.

आधी पद्धत थोडक्यात. सोनं, चांदी, कच्चं तेल, तांबं, नैसर्गिक वायू यांच्या फ्युचर्समध्ये भाव वर चालला असेल तर घ्यायचं, खाली चालला असेल तर विकायचं, आणि दिशा बदलेपर्यंत धरून बसायचं. भाकीत करायचं नाही. मॉस्कोविट्झ, ओई आणि पेडरसन यांचा २०१२ चा पेपर तुम्ही चाळला असेलच. ५८ वेगवेगळ्या फ्युचर्स आणि फॉरवर्ड करारांवर त्यांनी दाखवलं, की मागच्या बारा महिन्यांची दिशा पुढे काही काळ टिकण्याकडे कल असतो. या पद्धतीत लहान-लहान तोटे वारंवार होतात आणि मोठा नफा मोजक्याच सौद्यांत होतो. त्यामुळे खात्यातली रक्कम बहुतेक दिवस आपल्या आधीच्या शिखराच्या खालीच असते. शिखरापासून किती खाली आहे, तो टक्का म्हणजे ड्रॉडाउन. १० लाखांचे १२ लाख झाले आणि मग ९ लाख ६० हजारांवर आले, तर ड्रॉडाउन २० टक्के. मूळ भांडवलापेक्षा फक्त चाळीस हजार कमी आहेत, हे इथे मोजत नाहीत.

२० टक्के भरून काढायला २५ टक्के कमवावे लागतात, ३५ टक्क्यांना सुमारे ५४, आणि ५० टक्क्यांना १००. हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून यावर जास्त वेळ घालवत नाही.

आता मुद्द्याचं. मॅक्सिमम ड्रॉडाउन हा नावाप्रमाणेच एक कमाल आकडा आहे, आणि कमाल आकडे नोंद जितकी लांब तितके वाढत जातात. आम्हा ठाकुर्ली-कल्याणच्या लोकांना हे पावसामुळे चांगलं समजतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, उल्हास नदीचं पाणी आमच्या पट्ट्यात शिरलं. आदल्या दिवशी कुणी जुन्या नोंदी काढून ‘इथे जास्तीत जास्त इतकाच पडतो’ असं म्हटलं असतं, तर त्याचा आकडा खरा असता आणि निष्कर्ष खोटा. दहा वर्षांच्या बॅकटेस्टमधला सर्वांत खोल खड्डा तसाच असतो. झालेल्या अनेक शक्य इतिहासांपैकी एका इतिहासातला तो एक आकडा.

मग तो किती खोल जाऊ शकतो, हे काढता येतं का? ढोबळ मानाने येतं, आणि ते गणित प्रत्येकाने एकदा हाताने करावं. समजा तुमच्या पद्धतीचा सरासरी वार्षिक नफा १० टक्के आहे, वार्षिक प्रमाणविचलन १५ टक्के आहे, आणि सोपं जावं म्हणून नफा पुन्हा गुंतवत नाही, दरवर्षी त्याच भांडवलावर व्यापार करता. रोजचा नफा-तोटा ब्राउनियन गतीसारखा मानला, तर दीर्घकाळात कुठल्याही एका दिवशी असलेल्या ड्रॉडाउनचं वितरण घातांकी, म्हणजे एक्स्पोनेन्शियल येतं. त्याची सरासरी काढायचं सूत्र साधं आहे: प्रमाणविचलनाचा वर्ग भागिले सरासरी नफ्याची दुप्पट. इथे ०.०२२५ भागिले ०.२०, म्हणजे ११.२५ टक्के.

थांबा, हे ‘सर्वांत खोल’ नाही. ही सरासरी आहे. कुठल्याही सामान्य दिवशी खातं उघडलंत, तर शिखरापासून सरासरी ११ टक्के खाली दिसेल. आणि ज्या १८ टक्क्यांना तक्त्यात ‘जास्तीत जास्त’ म्हटलं होतं, त्याहून खोल असण्याची शक्यता याच सूत्रातून २० टक्के येते. पाचातला एक दिवस! असे गुणधर्म असलेल्या पद्धतीच्या दहा वर्षांच्या बॅकटेस्टमध्ये १८ हाच सर्वांत मोठा आकडा आला असेल, तर एक तर नशीब चांगलं होतं, किंवा नियम त्याच डेटाकडे बघून बेतलेले आहेत. दुसरी शक्यता जास्त वेळा खरी निघते.

आता यातला अवघड भाग. तो १० टक्के नफा तुम्हाला कुठून कळला? बॅकटेस्टमधून. दहा वर्षांचा डेटा आणि १५ टक्के प्रमाणविचलन असेल, तर सरासरी नफ्याचा स्टँडर्ड एरर १५ भागिले दहाचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ४.७ टक्के. म्हणजे खरा नफा ५ टक्के असला तरी दहा वर्षांत नशिबाने १० दिसू शकतो, आणि त्यात काही अघटित नाही. पण नफा ५ धरून वरचं सूत्र पुन्हा चालवा. सरासरी ड्रॉडाउन ११.२५ वरून एकदम २२.५ टक्के होतो. १८ टक्क्यांहून खोल असण्याची शक्यता ४५ टक्के होते. डेटाला १० आणि ५ मधला फरक नीट सांगता येत नाही, पण तुमच्या खात्याला तो दुपटीने जाणवतो.

हे एवढं एकच या लेखातून लक्षात राहिलं तरी चालेल, कारण बाकी सगळं यातूनच निघतं. उदाहरणार्थ, सगळ्या पोझिशन दुप्पट केल्या तर नफाही दुप्पट आणि प्रमाणविचलनही दुप्पट. सूत्रात घाला, सरासरी ड्रॉडाउन पुन्हा २२.५ टक्केच येतो. म्हणजे आपल्या पद्धतीच्या ताकदीचा दुपटीने जास्त अंदाज करणं आणि दुप्पट आकाराने व्यापार करणं, या दोन चुकांची ड्रॉडाउनमधली शिक्षा सारखीच आहे. पहिली चूक तुमच्या हातात नाही, दुसरी आहे. म्हणून पोझिशनचा आकार ठरवताना बॅकटेस्टमधला नफा अर्धा धरून हिशेब करायचा, असं माझं मत आहे. काही जण याला भित्रेपणा म्हणतात. म्हणू द्या.

आणि नफा शून्य असेल तर? मॅग्डन-इस्माइल, अतिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये याचं नेमकं विश्लेषण दिलं. खरा नफा धन असेल तर अपेक्षित मॅक्सिमम ड्रॉडाउन काळाच्या लॉगॅरिदमच्या वेगाने, म्हणजे हळूहळू वाढतो. शून्य असेल तर काळाच्या वर्गमूळाने. ऋण असेल तर सरळ काळाच्या प्रमाणात, थांबतच नाही. संध्याकाळच्या कल्याण स्लोमध्ये मोबाईलवर तेलाचा चार्ट उघडून उभी असलेली माणसं बघते, तेव्हा मला हा तिसरा प्रकार आठवतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत इक्विटी फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यापार करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात होते. तो अभ्यास शेअरबाजाराचा आहे, कमोडिटीचा नाही. पण खर्च वजा जाता नफा ऋण असेल, तर स्टॉप-लॉस कितीही शिस्तीत लावला तरी ड्रॉडाउन भरून येत नाही. जोखीम-व्यवस्थापन नसलेला नफा तयार करत नाही.

आता आकार ठरवायची रीत. रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट यांनी १९८३ मध्ये अमेरिकेत नवख्या लोकांना शिकवून तयार केलेल्या ‘टर्टल’ ट्रेडर्सचे नियम आता सर्वांना उपलब्ध आहेत, आणि अजूनही शिकायला चांगले आहेत. वस्तूच्या भावाची रोजची सरासरी हालचाल वीस दिवसांवर मोजायची. पोझिशन एवढीच घ्यायची की तेवढ्या एका हालचालीने भांडवल १ टक्का हलेल. स्टॉप अशा दोन हालचालींवर, म्हणजे एका सौद्यात २ टक्के जोखीम. सोनं असो की नैसर्गिक वायू, खात्यावर दोघांचा धक्का सारखा.

आपल्याकडे यात लॉटची अडचण येते. समजा कच्चं तेल ६,००० रुपये बॅरल आहे आणि रोजची हालचाल १५० रुपये. एमसीएक्सवर मोठा लॉट १०० बॅरलचा, म्हणजे एका हालचालीला १५,००० रुपये. १० लाखांच्या खात्याला नियमाप्रमाणे १०,००० चालतात. म्हणजे एक लॉटसुद्धा बसत नाही. १० बॅरलच्या मिनी लॉटमध्ये मात्र सहा लॉट घेता येतात. बॅकटेस्टमध्ये ‘०.६७ लॉट’ घेणारी प्रपोजल्स मी पाहिली आहेत. ०.६७ लॉट कुठे मिळतो ते मलाही सांगा.

टर्टलचा दुसरा नियम ड्रॉडाउनसाठीच होता. खातं १० टक्के घसरलं की पुढचे सौदे २० टक्के लहान खात्यासारखे करायचे. १० लाखांचे ९ लाख झाले तर ८ लाख आहेत असं समजून आकार ठरवायचा. आणखी ८०,००० गेले तर ६.४ लाख समजून. यामुळे खातं शून्याकडे जाण्याचा वेग कमी होत जातो. किंमत अशी, की सावरायची वेळ येते तेव्हा तुम्ही सर्वांत लहान आकारात असता, आणि ट्रेंड-फॉलोइंगमध्ये सगळा नफा मोजक्या सौद्यांत असतो हे आपण वर पाहिलंच. ग्रॉसमन आणि झोउ यांनी १९९३ मध्ये याच प्रश्नाची सैद्धांतिक बाजू मांडली: शिखराच्या ठरावीक टक्क्यांखाली कधीच जायचं नाही अशी अट घातली, तर जोखमीतली रक्कम त्या तळापासूनच्या अंतराच्या प्रमाणात ठेवावी. प्रपोजलमध्ये हे दोन्ही नियम तपासा, पण १० आणि २० हे आकडे बदलून-बदलून सर्वांत सुंदर आलेख शोधत बसू नका. तसं केलंत तर ड्रॉडाउन कमी होत नाही, फक्त त्याचा अंदाज खोटा होतो.

इथपर्यंत एक गोष्ट आपण गृहीत धरली: स्टॉप लावला की त्या भावाला बाहेर पडता येतं. मुंबईच्याच बाजारातले दोन दिवस बघा.

पहिला, २० एप्रिल २०२०. लॉकडाउनमुळे एमसीएक्सचं कामकाज संध्याकाळी ५ ला बंद होत होतं, एरवी ते रात्री उशिरापर्यंत चालतं. तेलाच्या एप्रिल कराराचा तो शेवटचा दिवस. ५ वाजता भाव ९६५ रुपयांच्या आसपास होता. पण करार मिटवायचा भाव न्यूयॉर्कच्या बंद भावावरून ठरतो, आणि तो भारतीय वेळेनुसार मध्यरात्री आला: उणे ३७.६३ डॉलर. रुपयांत उणे २,८८४. ज्याच्याकडे खरेदीचा एक लॉट होता त्याने समजा विचार केला असेल, भाव शून्य झाला तरी ९६,५०० रुपयेच जातील. गेले सुमारे ३ लाख ८५ हजार. मधल्या सात तासांत स्टॉप लावायला बाजारच उघडा नव्हता.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं, की ट्रेंड-फॉलोअर त्या रात्री बहुधा बुडला नसता. तेल वर्षाच्या सुरुवातीपासून उतरत होतं, त्यामुळे त्याची बाजू विक्रीची असती, आणि नियम पाळणारा शेवटच्या दिवसाच्या आधीच पुढच्या करारात रोलओव्हर करतो. पण संशोधक म्हणून तुमचा कोड त्या तारखेला काय करतो ते बघा. ऋण भावाचा लॉग निघत नाही. टक्क्यांतला परतावा अर्थहीन होतो. अनेक जण ती ओळ ‘चुकीचा डेटा’ म्हणून पुसतात. ती ओळ पुसू नका. आणि तुमच्या बॅकटेस्टला बाजार ५ ला बंद झाल्याचं माहीत आहे का, की तो रात्री दहाच्या भावाला सौदा करून मोकळा होतो?

दुसरा दिवस ट्रेंड-फॉलोअरसाठी जास्त बोचरा. २३ जुलै २०२४, अर्थसंकल्प. सोन्या-चांदीवरचं सीमाशुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणलं. सोनं तेव्हा महिनोन्‌महिने वर चाललं होतं, म्हणजे पद्धतीने चालणारा खरेदी धरून बसलेला. देशातला भाव ढोबळपणे जागतिक भाव गुणिले डॉलरचा दर गुणिले शुल्कासह गुणक असा असतो. १.१५ चा १.०६ झाला की गणिताने भाव ७.८ टक्के उतरायला हवा. त्या दिवशी पूर्ण तेवढा उतरला नाही, पण १० ग्रॅममागे चार हजार रुपयांच्या आसपास खाली आला. जगात सोन्याला विशेष काहीच झालं नव्हतं. जे विद्यार्थी लंडन-न्यूयॉर्कचे डॉलरमधले भाव रुपयांत बदलून ‘भारतीय बाजाराचा’ बॅकटेस्ट करतात, त्यांच्या आलेखात हा दिवस सपाट दिसतो. आणि जे रोजच्या बंद भावावर निर्णय घेतात त्यांना स्टॉप कुठे होता याने फरक पडत नाही, पूर्ण घसरण अंगावर येते.

अशा धक्क्यांवर उत्तर म्हणून सगळे एकच शब्द सांगतात: विविधीकरण. बरोबर आहे, पण आकडा काढून सांगा. सारख्या जोखमीच्या १२ वस्तू आणि त्यांच्या परताव्यांत सरासरी सहसंबंध ०.१ असेल, तर एकूण प्रमाणविचलन एका वस्तूच्या सुमारे ४२ टक्के राहतं. वस्तू ६ आणि सहसंबंध ०.३ असेल तर ६५ टक्के. म्हणजे एकही पोझिशन न वाढवता जोखीम दीडपट होते. आपल्याकडे हे कागदावरचं उदाहरण नाही. २० डिसेंबर २०२१ ला सेबीने सात शेतमालांचे वायदे स्थगित केले: बिगर-बासमती भात, गहू, हरभरा, मोहरी, सोयाबीन, कच्चं पामतेल आणि मूग. नवी पोझिशन बंद, जुनी फक्त मिटवायची. हरभऱ्याचा नि सोनं-तांब्याचा संबंध तसा कमीच, म्हणजे पोर्टफोलिओला खरा उपयोग ज्यांचा होता, नेमक्या त्याच वस्तू गेल्या. उरल्या मुख्यतः धातू आणि इंधनं, ज्या सगळ्यांच्या भावात डॉलर-रुपयाचा धागा समान आहे.

आणि स्थगिती साधारण कधी येते? भाव खूप वर गेल्यावर. म्हणजे ट्रेंड-फॉलोअरचा सर्वांत चांगला सौदा चालू असताना. तोटे पूर्ण झेलायचे आणि मोठा नफा मध्येच तोडला जायचा, असा हा एकतर्फी प्रकार आहे. अमेरिकी डेटावर लिहिलेल्या पेपर्समध्ये ही जोखीम तुम्हाला सापडणार नाही. खरं सांगायचं तर तुमच्या पीएचडीसाठी जागा इथेच आहे. पुन्हा एकदा मूव्हिंग ॲव्हरेजची लांबी ५० की १००, हे तपासण्यात नाही.

प्रपोजल लिहिताना मग काय करायचं? एमसीएक्स आणि एनसीडीईएक्स दोन्ही २००३ च्या शेवटी सुरू झाले, तेव्हा डेटा दोन दशकांहून थोडाच जास्त. त्यातून एकच मॅक्सिमम ड्रॉडाउन काढून थांबू नका. रोजचे परतावे काही आठवड्यांच्या तुकड्यांत कापून, तुकडे यादृच्छिक क्रमाने जोडून हजारो इतिहास तयार करा, आणि तक्त्यात एका आकड्याऐवजी मध्यक आणि ९५ वा शतमक द्या. सुटे दिवस मिसळू नका. वाईट दिवस एकामागोमाग येतात, ती साखळी तुटली की खड्डे उथळ दिसतात. सगळ्या वस्तूंचा एकाच काळातला तुकडा एकत्र उचला, नाहीतर सहसंबंधही पुसला जाईल. शेजारी आणखी एक रकाना ठेवा, त्यात सरासरी नफा अर्धा करून तेच सगळं पुन्हा चालवलेलं असेल. पॅनेलला तो रकाना आवडेल.

खोलीबरोबर लांबीही द्या: शिखराखाली सर्वांत जास्त किती महिने गेले. १८ टक्क्यांचा खड्डा चार महिन्यांत भरला आणि तेवढाच खड्डा तीन वर्षं राहिला, यांचा तक्त्यातला आकडा सारखाच असतो. पैसे दुसऱ्याचे असतील तर दुसऱ्या प्रकारात ते वाट बघत नाहीत, काढून घेतात, आणि मग ड्रॉडाउन कागदावरचा राहत नाही.

आणि वस्तूंची यादी आजची घेऊ नका. ग्वारचे वायदे २०१२ च्या मार्चमध्ये प्रचंड तेजीनंतर बंद झाले आणि २०१३ मध्ये परत आले. त्या मधल्या काळात तुमच्या बॅकटेस्टने ग्वारमध्ये सौदा केलेला दिसला, तर आधी ते दुरुस्त करा, मग ड्रॉडाउनच्या रकान्याकडे वळा.